राहूच्या चौकातला फ्लेक्स

माझे अब्बा शिरूरच्या एका छापखान्यात मशीनवर होते. मी वाचायला शिकले ती बिघडलेल्या पत्रकांवर. संपाची, मोर्चाची, द्वारसभेची पत्रकं शाई पसरली की आमच्या घरी यायची. मागच्या कोऱ्या बाजूवर मी गणितं सोडवायचे. पुढच्या बाजूवर 'कामगार बंधूंनो, सावध राहा' असायचं. पुढे मी इंजिनियर झाले आणि बंधूंना बेसावध ठेवायची नोकरी धरली.

तिला टेक्नॉलॉजी कन्सल्टिंग म्हणतात. इस्त्रीचे कपडे घालून दुसऱ्याच्या कारखान्यात जायचं, तिथल्या माणसाशेजारी खुर्ची टाकून त्याचं काम त्याच्याकडूनच शिकून घ्यायचं, ते सॉफ्टवेअरमध्ये घालायचं आणि मालकाला बिल लावायचं. या धंद्यात कुणाला काढत नाहीत. मोकळं करतात.

मला यवतजवळच्या एका पशुखाद्याच्या कारखान्यात पाठवलं. तिथं डिस्पॅचला जवळच्या राहू गावचे एक मामा होते. कुठली गाडी आधी भरायची, कुठला माल कुठल्या गावाला जाणार, हे ते ठरवायचे. आमच्या प्रस्तावात हे काम सॉफ्टवेअरकडे गेलेलं होतं आणि मामांची जागाच नव्हती. मालकानं प्रस्ताव वाचला होता, मॅनेजरनं वाचला होता. मामांना एवढंच सांगितलं होतं की तुम्ही आता 'की यूजर', म्हणजे नव्या सॉफ्टवेअरचे मुख्य माणूस, मॅडमना सगळं नीट शिकवा.

आमच्या कंपनीची एक पद्धत आहे. ज्याचं काम काढून घ्यायचं, त्याला आधी सर्टिफिकेट द्यायचं. सोनेरी किनारीचं, वर मालकाशी हात मिळवतानाचा फोटो. माणूस खूश असला की भराभर बोलतो. ही युक्ती ज्यानं काढली त्याला बढती मिळाली.

मामांचा तसा फोटो गावात पोचला आणि तरुण मंडळानं राहूच्या चौकात फ्लेक्स लावला. मामा गॉगलमध्ये, मागं कारखाना, खाली शुभेच्छुकांच्या चेहऱ्यांची रांग. 'की यूजरपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. सोसायटीच्या सभेत ज्या मामांना मागं सतरंजीवर बसवायचे, त्यांना पुढची खुर्ची मिळाली. कारखान्यात पेढे वाटले. मीही खाल्ला.

दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये मी त्यांना बाजूला घेतलं. "मामा, मला शिकवू नका. हे चालू झालं की तुमची जागा जाणार. प्रस्तावात लिहिलंय. आत्ताच युनियनला गाठा."

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "तुम्हाला कुणी पाठवलं ह्ये बोलायला? गोडाऊनवाल्यानं?" गोडाऊनच्या सुपरवायझरचा चेहरा फ्लेक्सवर आला नव्हता, तेव्हापासून तो त्यांच्याशी बोलत नव्हता.

"कुणी नाही. मीच सांगतेय."

"चौकात एवढा मोठा फोटो लागलाय माझा. काढायच्या माणसाचा कुणी लावतं व्हय?"

"लावतात, मामा. आधीच लावतात."

ते उठून थेट मॅनेजरकडे गेले. संध्याकाळच्या आत मला पुण्याला परत बोलावलं. माझ्या साहेबांनी आवाज चढवला नाही. क्लायंटच्या माणसाला प्रस्ताव सांगणं हा विश्वासघात आहे, असं शांतपणे समजावलं. माझ्या जागी दुसरा एक हसतमुख सहकारी गेला. मामांनी त्याला माझ्याहून जास्त मन लावून शिकवलं, कारण आता त्यांना निष्ठा दाखवायची होती.

सॉफ्टवेअर चालू झालं त्या दिवशी कॉम्प्युटरला हार घालून नारळ फोडला. मामांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. पुढच्या पगाराला त्यांना मोकळं केलं. युनियनवाले जाब विचारायला गेले तेव्हा मॅनेजर म्हणाला, त्यांनी स्वखुशीनं शिकवलं, गावानं फ्लेक्स लावला, अन्याय कुठं दिसतो?

माझ्याकडून हे ऐकून अब्बांनी मामांना काढल्याबद्दलच्या पत्रकाचा मजकूर लिहून दिला. तो घेऊन मी राहूला गेले. फ्लेक्स अजून चौकात होता. उन्हानं शुभेच्छुक पांढरे पडले होते, गॉगल तेवढा काळा होता. मामा गोठ्यात होते. त्यांनी कागद उभ्या उभ्या सगळा वाचला आणि घडी घालून माझ्या हातात दिला.

"छापू नका. ह्ये छापलं म्हंजी त्यो फ्लेक्स उतरवावा लागंल."

मी बरंच बोलले. एकट्याचा प्रश्न नाही, उद्या गोडाऊनचा नंबर आहे, नावाशिवाय पत्रकाला अर्थ नाही. ते ऐकत होते आणि म्हशीपुढं वैरण टाकत होते. गोडाऊनचा नंबर ऐकल्यावर तेवढे किंचित हसले.

निघताना रस्त्यापर्यंत सोडायला आले. कोणी ऐकत नाही ना ते बघितलं.

"ताई, तुमच्या कंपनीला दुसऱ्या कुठल्या कारखान्यात की यूजर लागत असंल तर माझं नाव सांगा. मला आता अनुभव हाय."