ताईच्या गालातली गाठ

बुंदेली मुलखात पिढ्यानपिढ्या राहिलेल्या आमच्या मराठी घराण्यात पूजा सांगणारे झाले, कचेरीत शिपाई झाले. कॉलेजची पदवी घेतलेली मीच पहिली. त्यामुळे कुणाचं काही दुखलं-खुपलं की "धाकटीला न्या, ती शिकलेली आहे" असं ठरायचं. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. पण ताईचा रिपोर्ट हातात आला त्या दिवशी वाटलं, वाचता येत नसतं तर बरं झालं असतं. उजव्या गालातली गाठ कॅन्सरची नाही असं खात्रीनं म्हणता येत नाही, असं त्यात लिहिलं होतं.

लग्नात ताईचे गाल बसलेले होते. पुढे ते भरले. हळदीकुंकवाला बायका म्हणायच्या, "सासर मानवलं हो हिला." सासूबाई फुलायच्या. "आमच्याकडचं दूधतूप आहे," म्हणायच्या. मग काही वर्षांनी एका गालात सुपारीएवढं कडक काहीतरी हाताला लागू लागलं, आणि ते वाढत गेलं.

डॉक्टरांनी ऑपरेशन ठरवलं. आजूबाजूचा भागही काढावा लागेल, नस दुखावली तर तोंड वाकडं होईल, डोळा पुरता मिटणार नाही, असं त्यांनी आधीच सांगितलं. मग सहज विचारावं तसं विचारलं, "चेहरे पर कभी कोई इंजेक्शन लगवाया? गाल भरवाने वाला?"

ताईनं तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "अरे नहीं डॉक्टर साहब. हमारी बहू तो पाउडर भी नहीं लगाती."

डॉक्टर हसले. ताई हसली नाही.

बाहेर बाकावर आम्ही दोघीच उरलो. सासूबाई भरतीचं विचारायला खिडकीशी गेल्या होत्या. ताई खाली बघत म्हणाली, "घेतलं होतं गं. एका पार्लरात. दिल्लीहून कुणी यायचा. काय भरलं ते मी विचारलंसुद्धा नाही."

"चल, आत्ता सांगू."

"नको. कॅन्सर म्हटलं तर सासूबाई माझ्या उशाशी बसतील. हे कळलं तर..."

"आणि तोंड वाकडं झालेलं चालेल?"

"चालेल."

असं म्हणाली माझी बहीण. मला तिच्या थोबाडीत मारावंसं वाटलं, पण कुठल्या गालावर मारणार?

डॉक्टरांपासून काही लपवायचं तर आम्हाला मराठी होती. सासूबाईंपासून लपवायला आमच्याकडे भाषाच नव्हती. मराठी, हिंदी, बुंदेली, तिन्ही त्यांना आमच्याहून चांगल्या यायच्या. दारावरचा माणूस मला एकटीला आत सोडेना, पेशंट पाहिजे म्हणाला. मी ताईला दंडाला धरून उठवलं. पेशंटच्या मागोमाग सासूबाई आल्याच.

मी उभ्या उभ्या हिंदीत सांगून टाकलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"ये पहले बताना था, बेटा." ते ताईशी बोलत होते. अशा भरलेल्या पदार्थाभोवती शरीर कधीकधी कडक गाठ धरतं, कित्येक वर्षांनीही. फोटोत ती कॅन्सरसारखीच दिसते, सुईनं काढलेला नमुनाही फसवतो, असं ते म्हणाले. "कैंसर नहीं है, ये मैं अभी नहीं कह रहा. पर अब काटूँगा नहीं, दोबारा देखेंगे."

बाहेर आलो. सासूबाई बसल्या नाहीत. "कोणी सांगितलं तुला, गाल बसलेत म्हणून?"

"तुम्ही," ताई म्हणाली. "बघायला आला होतात तेव्हा."

"ते मी बोलण्यात बोलले गं."

"हो. सगळ्यांसमोर."

दुसऱ्यांदा तपासलं तेव्हा कॅन्सर निघाला नाही. घरी कुणी पेढे आणले नाहीत. गाठ औषधानं थोडी बसली, पुरती गेली नाही. ताई बोलताना उजवा गाल भिंतीकडे करून बसायला लागली, आणि सासूबाई तिच्यासमोर न बसता बाजूला बसू लागल्या, म्हणजे दोघींना एकमेकींकडे बघावं लागत नसे.