जाऊबाईंच्या दोन गोळ्या

औषधाच्या दुकानात अठरा वर्षं काउंटरमागे उभी राहिलेली बाई एक्केचाळिसाव्या वर्षी विद्यापीठाच्या बाकावर जाऊन बसली, तेव्हा वर्गातल्या पोरांनी पहिल्याच दिवशी तिला 'काकू' करून टाकलं. काकूंना त्याचं काहीच वाटलं नाही. डॉक्टरांचं कसलंही कोंबडीच्या पायांचं अक्षर त्या घडाघडा वाचत. कुठल्या खणात कुठली गोळी, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगत. औषधशास्त्र म्हणजे आपल्या डाव्या हाताचा मळ, असंच त्या धरून चालल्या होत्या.

पहिल्याच तासाला सरांनी त्यांना उभं केलं. "गोळी गिळल्यावर काय होतं?"

"माणूस बरा होतो."

वर्ग खो खो हसला. सरही हसले. "ते शेवटचं झालं, काकू. मधलं सांगा."

मधलं काकूंना कुठे ठाऊक होतं! गोळी पोटात विरघळते कशी, रक्तात शिरते किती, यकृत तिचं काय करतं, मूत्रपिंडं तिला कधी बाहेर काढतात, हे सगळं त्यांनी नव्याने गिरवलं. आलेख बघून सुरुवातीला डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. पहिल्या चाचणीत त्या सपशेल आपटल्या. घरी नवरा म्हणाला, "सोडून दे की." त्यावर त्यांनी त्याच्या हातात वही दिली आणि म्हटलं, "प्रश्न विचार."

दुसऱ्या वर्षी सर दोन औषधांच्या भांडणाबद्दल शिकवत होते. थायरॉईडची गोळी आणि कॅल्शियम एकत्र घेतलं, तर कॅल्शियम तिला आतड्यातच धरून ठेवतं, रक्तात पुरती जाऊ देत नाही. काकूंची लेखणी थांबली. घरी थोरल्या जाऊबाई वर्षभर थकलेल्या होत्या. डॉक्टरांनी थायरॉईडची गोळी दोनदा वाढवली, तरी जिना चढताना त्यांना धाप लागायची.

संध्याकाळी काकूंनी सरळ विचारलं, "ताई, सकाळच्या गोळ्या कशा घेता हो?"

"कशा म्हणजे? थायरॉईडची आणि कॅल्शियमची, दोन्ही एका घोटात. विसरायला नको."

"डॉक्टरांना हे ठाऊक आहे?"

"त्यांनी कधी विचारलंच नाही, मी कशाला सांगू?"

काकूंनी स्वतःच्या मनाने काही बदललं नाही; तसं करायचं नसतं, हेही त्या वर्गातच शिकल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्या जाऊबाईंना घेऊन दवाखान्यात गेल्या. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि कॅल्शियम रात्रीच्या जेवणानंतर घ्यायला सांगितलं. दोन महिन्यांनी रक्त तपासलं, तर थायरॉईडचा आकडा इतका सुधारला होता की डॉक्टरांनी गोळीची ताकद एक पायरी कमीच केली.

जाऊबाईंच्या अंगात पुन्हा जीव आला. दोन जिने चढून त्या गच्चीवर गेल्या आणि तिथूनच ओरडल्या, "अगं, हे कपडे कुणी वाळत घातलेत? एकाला धड चिमटा नाही!"

खाली काकू वही घेऊन बसल्या होत्या. परीक्षा चार दिवसांवर होती. त्यांनी हसून पान उलटलं.