तिथीचा रुंद पट्टा

"भैया, चकरी अब भी घूम रही है," दुबेजी फोनवर म्हणाले. "सामने पूरा परिवार सामान लेके खड़ा है. क्या बोलूँ इनको, आप भी घूम के आओ?"

दुबेजी मंदिराजवळच्या एका धर्मशाळेचे मॅनेजर. खोल्या बुक करायचं सॉफ्टवेअर आमचं. श्रावण चालू होता आणि महिन्याच्या बुकिंगचा तक्ता उघडता उघडत नव्हता, पडद्यावर नुसती चकरी फिरत होती. सोमवारी देवाची पालखी निघते, त्या सवारीच्या आत दुरुस्त झालं नाही तर दुसऱ्या कंपनीचं लावणार, असं त्यांनी सांगून टाकलं होतं. आमचा सगळ्यात मोठा क्लायंट तेच.

आमची कंपनी म्हणजे शहरातल्या फ्रीगंज भागात, टावर चौकाच्या मागे दोन खोल्या. मालक मोघे सर, पिढ्यान्‌पिढ्या इथलेच. नेहा राठौर इंजिनियर. आणि मी, लातूरकडचा, नववीत शाळा सुटलेला. मोबाइल रिपेअरच्या दुकानात बसून प्रोग्रामिंग शिकलो. मोघे सरांनी मार्कशीट मागितली नाही, फक्त म्हणाले, "काय येतं ते करून दाखव." त्या उपकारामुळेच मला धास्ती असते. वाटतं, आज मागतील.

सर म्हणाले, "मोठा सर्वर घेऊन टाकू यार. झंझटच खतम."

मी हिंमत केली. "सर, आधी प्रोफाइलर लावून बघू? ओपन सोर्स आहेत."

"लाव. पण सोमवार लक्षात ठेव."

प्रोफाइलर म्हणजे प्रोग्रामचा वेळ कुठे जातो ते दाखवणारं साधन. मी तीन काढले. पहिलं सी-प्रोफाइल, पायथनसोबतच येतं. ऑफिसातल्या सॉफ्टवेअरच्या कॉपीवर चालवलं. त्याने बोट दाखवलं ते पाहुण्यांची नावं नीट मांडणाऱ्या एका छोट्या फंक्शनकडे. मी ते सुधारलं, धर्मशाळेच्या सर्वरवर चढवलं आणि मोठ्या आनंदात दुबेजींना फोन केला.

"पहले भी घूमती थी," ते म्हणाले, "अब भी घूमती है. आपने किया क्या?"

सर मोठ्या सर्वरच्या किमती बघू लागले. ते जास्त लागलं.

नेहादीदीने खुर्ची ओढली. "डेटाबेस मैंने देख लिया, ठीक है. तूने नापा कहाँ? अपनी कॉपी पे ना? उसमें कमरे कितने हैं?"

अगदी थोडे होते. टेस्टपुरते.

शिवाय सी-प्रोफाइल प्रत्येक फंक्शनच्या येण्याजाण्याची नोंद करतं. समजा, स्वयंपाकघरात कुणी वही घेऊन बसलाय आणि आचाऱ्याला प्रत्येक बाफल्यामागे, म्हणजे कणकेच्या गोळ्यामागे, विचारतोय, "हा वळला? हा वळला?" उत्तरं देण्यातच आचाऱ्याचा वेळ जाणार, आणि वहीत दिसणार की वळायलाच उशीर होतो. शेगडीवर शिजत पडलेल्या डाळीची नोंद मात्र एकदाच. माझं नावांचं फंक्शन असंच बदनाम झालं होतं.

दुसरं साधन स्केलीन. मेमरीचाही हिशोब देतं, चांगलं आहे. पण त्यासाठी प्रोग्राम बंद करून त्याच्यासकट पुन्हा सुरू करावा लागतो. मी दुबेजींना नुसतं विचारलं तर म्हणाले, "सावन में बंद? आप बंद हो जाओ."

तिसरं पाय-स्पाय. हे खिडकीतून डोकावतं. चालू प्रोग्रामकडे क्षणाक्षणाला नजर टाकतं आणि त्या वेळी काय चाललंय ते टिपतं. कुणाला विचारत नाही, काही थांबवत नाही. दुबेजी तक्ता उघडत राहिले आणि आम्ही ते धर्मशाळेच्या सर्वरवर बाहेरून जोडलं. थोड्या वेळाने चित्र तयार झालं. त्यात जो पट्टा रुंद, तिथे वेळ जास्त.

एकच पट्टा पडदाभर पसरला होता. तिथी.

आम्ही दोघांनी एकदम सरांच्या दाराकडे पाहिलं. तक्त्यात तारखेखाली तिथी दाखवायची कल्पना खुद्द मोघे सरांची. एकादशी, अमावस्या बघून लोक येतात, मॅनेजरला हवीच. कोडही सरांनीच लिहिलेला, आणि आल्यागेल्याला कौतुकाने दाखवलेला. चंद्र-सूर्याचं गणित करून तिथी निघायची. पण ती प्रत्येक खोलीसाठी, प्रत्येक तारखेला, नव्याने.

"दीदी, तुम्ही सांगा ना."

"टूल तेरा, तो खबर भी तेरी."

मी लॅपटॉप घेऊन आत गेलो. सरांनी पट्टा पाहिला. चष्मा काढला. पुसला. पुन्हा पाहिला.

"म्हणजे एकाच दिवसाची एकादशी मी खोलीखोलीत जाऊन काढतोय?"

"हो सर."

"मग नावांच्या मागे का लागला होतास?"

"सर, तुमचा कोड असा असेल हे..."

सर इतक्या जोरात हसले की नेहादीदी दारात आली. "अरे भाऊ, धर्मशाळेत पंचांग एकच टांगतात, ऑफिसात! जा, एकच टांग."

बदल छोटासा होता. तारखेची तिथी एकदा काढायची आणि जपून ठेवायची. सगळ्या खोल्यांनी तीच वाचायची. चढवलं. फोन लावला.

"दुबेजी, तक्ता खोलिए."

"खोला."

"चकरी?"

"कौन सी चकरी?" ते म्हणाले. "चकरी दिखे उसके पहले तो खुल गया! जियो बेटा!"

नेहादीदीने टेबल वाजवलं. सरांनी सगळ्यांसाठी कचोरी मागवली. सोमवारी सवारीची गर्दी आली, तक्ता पटापट उघडत राहिला आणि दुबेजींचा फोन आला नाही. आमच्या धंद्यात याहून मोठी शाबासकी नसते. सरांनी नवा सर्वर घेतला नाही. मार्कशीटही मागितली नाही.

तिन्ही साधनं चांगली, तिन्ही आजही वापरतो. फक्त दोन गोष्टी सांभाळतो. खोळंबा जिथे होतो तिथेच जाऊन मोजतो. आणि साहेबांचा कोड सगळ्यात आधी मोजतो.