पुसायची नाही अशी पाटी

दुसरं महायुद्ध संपून वर्ष झालं होतं. यजमान भिवपुरीच्या वीजघरात कामाला होते आणि आम्ही तिथल्याच क्वार्टर्समध्ये राहत होतो. मुलगा चार वर्षांचा झाला आणि त्याला कुठे घालायचं यावरून घरात रोज खटके उडू लागले. गावच्या शाळेतली बिगरी, म्हणजे पहिलीच्या आधीचा वर्ग, मी दाराशी उभी राहून पाहिली, गुरुजींच्या हातातली छडी पाहिली आणि तशीच परत फिरले. क्वार्टर्समधल्याच एका खोलीत एका बाईंनी बालवर्ग काढला होता. तिथे गाणी होती, मणी ओवायचे होते, मार नव्हता. यजमानांना तो पोरखेळ वाटे.

"आठ दिवस बघतो," ते म्हणाले. "रमला नाही तर पुण्याला ताईकडे ठेवू. तिथे शिस्त तरी लागेल."

चार वर्षांचं पोर आत्याकडे! पण यजमान एकदा बोलले की बोलले.

मुहूर्त मी धरला दसऱ्याचा. नव्या पाटीवर एकाचे आकडे जोडून सरस्वती काढली, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. मुलाची बोटं सारखी पाटीकडे वळत होती म्हणून दटावलं, "पुसायची नाही हं. पुसली तर विद्या जाते." दुसऱ्या दिवशी तीच पाटी दप्तरात घालून त्याला बाईंच्या स्वाधीन केलं.

पहिल्या दिवशी तो रडला, ते मी धरूनच चालले होते. पण पाचवा दिवस उजाडला तरी रडणं थांबेना. मुलांना घरोघर पोचवणारी गावातली मावशी त्या दिवशी ओट्यावरच टेकली.

"वयनी, पोरगं पाटीच काढीत नाय. दप्तर पोटाशी धरून कोपऱ्यात बसतंय. कुनी हात लावला की वराडतंय. बाईंनी लई समजावलं, पन ऐकंल तर शपथ."

मी त्याला विचारलं, गोंजारलं, लाडूचं आमिष दाखवलं. तो तोंड मिटून बसला. शेवटी माझा तोल गेला आणि मी त्याला मारलं. ज्या मारापासून वाचवायला एवढी भांडले, तो मीच दिला. त्याची लाज मला आजही वाटते.

आठव्या दिवशी चुलीवरची आमटी उतरवून मी स्वतः वर्गावर गेले. संध्याकाळी यजमान विचारणार होते. बाई म्हणाल्या, "पाट्या पुसा." पोरांनी फटाफट थुंकी लावून तळव्यांनी पाट्या घासल्या. माझा मुलगा डोळे विस्फारून ते बघत होता आणि दप्तर आणखी घट्ट धरत होता.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दप्तर उघडलं. आत सरस्वती जशीच्या तशी होती, कुंकू सुकून काळपट पडलेलं.

"मी नाही पुसली, आई," तो कुजबुजला.

"पूजा झाली की दुसऱ्या दिवशी पुसायची असते रे," मी कशीबशी म्हणाले. "मीच सांगायला विसरले." त्याने नाही अशी मान हलवली. माझ्या दोन सांगण्यांपैकी त्याचा पहिल्यावर विश्वास होता.

मग मी पदराचं टोक जिभेवर ओलं केलं आणि पाटी पुसली.

"आई!" तो किंचाळला. "तुझी विद्या गेली!"

चौथीनंतर माझी शाळा बंद झाली होती. मी म्हटलं, "माझी जाऊ दे. तुझी राहिली ना?"

तो कोऱ्या पाटीकडे बराच वेळ बघत बसला. मग पेन्सिल घेऊन उठला आणि इतर मुलांत जाऊन बसला. मी दाराआड उभी होते, पण त्याने एकदाही मागे पाहिलं नाही.

संध्याकाळी यजमानांनी विचारलं, "काय, ठरलं का पुण्याचं?"

मी बोलायच्या आत मुलाने दप्तरातून पाटी काढली. तिच्यावर वेड्यावाकड्या पाचसहा रेघा होत्या.

"आईला नवी सरस्वती काढली," तो म्हणाला. "ही कुणी पुसायची नाही."

दुसऱ्या दिवशी कर्जतच्या बाजारातून यजमानांनी त्याला लिहायला दुसरी पाटी आणून दिली.