पाखऱ्याचं दावं

देवाने पृथ्वीवर जनावरं सोडली, तेव्हा त्यांचे दात बघायला माझ्या काकांना बोलवायला हवं होतं, असं माझं ठाम मत आहे. काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. काष्टीच्या शनिवारच्या बाजारात बैलांचे सौदे जमवण्यात त्यांची उभी हयात गेली. कपाळावरचा भोवरा बघून ते बैलाचा स्वभाव सांगत. ही सवय अंगात इतकी मुरलेली, की माझ्यासाठी मुलगी बघायला गेलो तेव्हाही त्यांनी आधी अंगणातली गाय निरखली आणि "गाय अंगावर भरलीय, घर चांगलं हाय," म्हणून माझं लग्न तिथल्या तिथे जमवून टाकलं. अजून तरी त्यांचा अंदाज चुकलेला नाही.

अशा माणसाने ऐन बाजाराच्या दिवशी "मला पुन्याला वाघ-हत्ती बघायला ने" म्हणावं, याचं कारण मला ठाऊक होतं. त्यांच्या गोठ्यातला शेवटचा बैल, पाखऱ्या, त्या दिवशी विकला जाणार होता. ट्रॅक्टर आल्यापासून त्याला काम नव्हतं. मुलाने गिऱ्हाईक ठरवलं, ते घरी येऊन बैल नेणार होतं. काकांनी होकार दिला, पण बघायला थांबायची त्यांची छाती नव्हती. निघताना त्यांनी पाखऱ्याच्या गळ्यातलं दावं सोडून पिशवीत घातलं. बैल विकला तरी दावं द्यायचं नाही, ते घरी ठेवायचं, ही आमच्याकडची रीत.

पुण्याचं प्राणिसंग्रहालय एवढं मोठं, की झाडांखालून चालताना आपण शहरात आहोत हे विसरायलाच होतं. काका मात्र स्वप्नातल्या बाजारात आल्यासारखे फिरत होते. हत्तीपाशी म्हणाले, "ह्याचं बरं हाय, दात भाईरच हायती." वाघ त्यांना देखणा वाटला, पण औताला निरुपयोगी. एका हरणाची चाल बघून त्यांनी रखवालदाराला सांगितलं, "ह्याच्या मागल्या खुरात कायतरी रुतलंय." त्याने आधी हटकलं, मग वाकून बघितलं, आणि "मामा, तुम्ही कुठले?" करत तो आमच्याबरोबरच चालू लागला.

गव्याच्या कुंपणापाशी काका थांबले. गवा सावलीत उभा, डोळे अर्धे मिटून सावकाश रवंथ करत होता. पानांतून ऊन झिरपत होतं. किती वेळ गेला कळलं नाही. बघतो तर काकांनी पिशवीतून दावं काढलेलं, आणि ते त्यावरून हात फिरवत होते.

"ह्यो विकायचा न्हाई ना?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही हो मामा. इथलं जनावर इथंच म्हातारं होतं," रखवालदार म्हणाला.

काका माझ्याकडे वळले. "घरला फोन लाव. म्हनावं, पाखऱ्या द्यायचा न्हाई."

दुपार उलटली होती. मी फोन लावला. काकांना दादा म्हणणारा मावसभाऊ पलीकडून वैतागून म्हणाला, "कसला देतोय! दादांचं दावं न्हाई, तर कोनाला गळ्याला हात लावू दिना. गिऱ्हाईक कवाच गेलं निघून."

काकांना सांगितलं तसे ते हसायला लागले, आणि हसता हसता उपरण्याने डोळे पुसू लागले. "लई आडमुठा हाय," ते म्हणाले, "पाडा हुता तवापास्नं."

परतताना दावं मांडीवर घेऊन ते गाडीत गाढ झोपले. पाखऱ्या पुढे दोन वर्षं बसून खात राहिला आणि यंदा त्याच गोठ्यात गेला. दावं खुंटीला आहे. गेलो की काका त्याच्याखाली बसलेले दिसतात आणि विचारतात, "त्यो गवा आसंल का रं अजून?"

"असणार की," मी म्हणतो. "येत्या शनिवारी जाऊ."