चैत्रातली कानटोपी

पिंपळे गुरवात शालनबाईंचा आवाज विनामाइक चालतो. कुणी पाण्याची मोटार चालू ठेवली, तर त्या तिसऱ्या मजल्यावरून असं खडसावतात, की समोरच्या बिल्डिंगीतले भाडेकरूसुद्धा उठून आपली मोटार बंद करतात. पण नातवाच्या कानातल्या मशीनचा विषय निघाला, की याच बाई पदराआडून बोलायच्या.

नातू समर्थ, पहिलीत. जन्मापासून कमी ऐकू येतं. दोन्ही कानांना मशीन लागलं तसा तो बोलायला लागला. आजी खूश! फक्त भावकीला दिसता कामा नये. त्यातून थोरल्या चुलत जाऊबाईंना, यशोदाबाईंना, तर अजिबात नाही. त्यांच्या तोंडी एखादी गोष्ट पडली, की संध्याकाळपर्यंत ती सांगवीला पोचलीच म्हणून समजा. तेव्हा शालनबाईंनी इलाज काढला : लोकरीची घट्ट कानटोपी. थंडीत ठीक होतं. चैत्र लागला, पोराच्या मानेवर घामोळं उठलं, तरी टोपी कायम.

आणि मशीन शिट्ट्या मारायला लागलं. वर्गात ऐन कवितेच्या मध्ये कुईंऽऽ! पोरं खिदळायची. समर्थनं सोपा रस्ता धरला. शाळेत गेलं, की मशीन काढून दप्तरात. मग बाई काय शिकवतात, त्याचा पत्ता नाही. शेवटी वर्गशिक्षिका पूनम मॅडमनी आजीला बोलावलं. "आजी, आत्ता कुठं बोलायला लागलाय. असंच चाललं तर परत मागं पडेल. मशीन दाखवून आणा."

शालनबाई निगडीला, मशीन बसवणाऱ्या वर्षाली मॅडमच्या दवाखान्यात जाऊन थडकल्या.

"मॅडम, ह्ये मशीन हाय का कुकर? बदलून द्या!"

वर्षालीनं समर्थची टोपी काढली. शिट्टी बंद. परत घातली. कुईंऽऽ. काढली. गप्प.

"कापड घट्ट बसलं, की मशीनमधनं निघालेला आवाज परत त्याच्याच माइकात शिरतो. मशीन चांगलंय, आजी. टोपी कुणी विणली?"

"हाय एक शाणी," शालनबाई पुटपुटल्या.

"आणि ओरडायचं नाही. समोर बसून, तोंड दिसेल असं, नेहमीच्या आवाजात बोलायचं."

"माजा ह्योच नेहमीचा हाय!"

पुढच्याच आठवड्यात गावचा उत्सव. देवळापुढच्या मांडवात सगळी भावकी. टोपी घालावी तर शिट्टी, काढावी तर बोभाटा. शालनबाईंनी ती काढून कमरेला खोचली खरी, पण हात तिथंच.

यशोदाबाई आल्याच. "अगं शालन, पोराच्या कानाला ह्ये काय?"

अख्ख्या मांडवानं माना वळवल्या. शालनबाई कमरेची टोपी ओढून काढणार, तोवर जाऊबाईंनी पोराच्या कानाशी तोंड नेऊन बोंब ठोकली, "बाळाऽ, ऐकू येतं का रं?"

समर्थ दचकून मागं सरकला. "येतं. वरडू नको आजी. समोर बस अन् बोल."

मांडव हसला. शालनबाईंचा हात टोपीवरून सुटला.

"काय म्हनला त्यो?" यशोदाबाईंनी कानामागं तळवा धरला.

शालनबाई बघतच राहिल्या. जिच्या धाकानं पोराला चैत्रात उकडून काढलं, तिला हातभरावरचं बोलणं कळत नव्हतं!

त्या जाऊबाईंच्या अगदी समोर येऊन बसल्या, आणि जन्मात पहिल्यांदा हळू आवाजात म्हणाल्या, "आक्का, उद्या निगडीला चला माज्यासंगं. मॅडम लई गुणाची हाय. भांडून झालंय माजं, तुमी भांडू नका. अन् येताना डोक्याला कायबी बांदू नका."