बिननावाची करवत

मी लोणावळ्याच्या बाजारात दुरुस्तीचं दुकान चालवायचो, तेव्हा आमच्या भागात पेट्रोलवर चालणारी करवत एकच होती. कार्ल्याच्या एका लाकूडतोड्यानं, आबांनी, ती लष्कराच्या जुन्या मालातून घेतलेली. कंपनीची पट्टी कधीच गळून पडली होती, मग सुटा भाग मागायचा तरी कुणाच्या नावानं? प्लग मोटारसायकलचा, रिंगा स्कूटरच्या घासून बसवलेल्या, गॅस्केट पुठ्ठ्याचं. पण चालायची! "माझ्या हातची मशीन अडली, तर मिशी उतरवीन," असं मी चारचौघांत सांगून बसलो होतो.

आबांच्या मुलीचं लग्न ठरलं, आणि लग्नाच्या आदल्या संध्याकाळी वळवानं गावच्या वाटेवर आंबा आडवा पाडला. दोघांच्या कवेत न मावणारं खोड. एका बाजूला ओढा, दुसऱ्या बाजूला गुडघाभर चिखलाची खाचरं. सकाळी माणसं कुऱ्हाडी घेऊन आली, तर आबा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या कुऱ्हाडी. माजी मशीन हाय." आणि मला निरोप धाडला. दोनच दिवसांपूर्वी मी ती धुऊनपुसून, साखळी काढून-बसवून दिली होती.

दोरी ओढली, इंजिन पहिल्या झटक्याला सुरू. खोडाला लावली, तर नुसता धूर! भुसा चिमूटभर नाही. मी प्लग बदलला, कार्बोरेटर खोलला, पेट्रोलला शिव्या घातल्या, मग ओल्या आंब्याला. दुपार कलली. आबा रडकुंडीला आले. "गड्या, वरमाय चिखलातून चालत आली, तर माज्या पोरीला जन्मभर ऐकवंल रं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात अंगाला हळद लागलेली नवरीच तिथं आली. बायका मागून ओरडतायत, "अगं, मांडवाभाईर कुटं चाललीस?" ती मशीनजवळ वाकली. जन्मभर भात कापलेली पोर ती.

"भाऊ, साखळी पुडं पळती आन् दात मागं बगत्यात. अशानं कापंल का?"

आईशप्पथ सांगतो, साखळी मीच उलटी बसवली होती! दात कुठल्या दिशेला हवेत, ते दाखवायला तिनं पात्यावर पिवळ्या बोटानं बाण काढला. मी साखळी फिरवली, आणि करवत आंब्यात लोण्यात शिरावी तशी शिरली. वऱ्हाडाची पहिली बैलगाडी वळणावर दिसली, तेव्हा आम्ही शेवटचा ओंडका ओढ्यात ढकलत होतो. वरमाय कोरड्या पायांनी मांडवात उतरली. नंतर तिनं चहाला नावं ठेवली, ते सोडा.

तो बाण मी पुढं पिवळ्या रंगानं पक्का केला, आणि त्यानंतर दुकानात आलेल्या प्रत्येक करवतीवर तसाच काढला. गिऱ्हाईक विचारायचं, "ही कुठली कंपनी?" मी म्हणायचो, "कार्ल्याची."

त्या दिवशी पाठवणीच्या वेळी सगळे रडत होते. आबा तर लहान पोरासारखे. नवरी गाडीत बसली, डोळे पुसले, माझ्याकडे पाहिलं आणि वरच्या ओठावरून हळूच बोट फिरवलं. आबांना रडता रडता हसू फुटलं.

मशीन बंद पडली नव्हती, असं मी आजही भांडून सांगतो. पण दुसऱ्या दिवशी सकाळी गुपचूप न्हाव्यापुढं जाऊन बसलो.